क्षिप्रेत न्हालेली टोपी

उज्जैनहून परत आल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "दर्शन कसं झालं?" छान झालं, मी म्हटलं. त्यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही, कारण देवळात आम्ही जेमतेम चाळीस मिनिटं होतो आणि गॅरेजात अख्खी दुपार. ज्यांना उज्जैनच्या देवळांची माहिती हवी आहे त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी लिखाण वाचावं. मोटारसायकलच्या प्लगवरची रबरी टोपी परगावी फाटली तर काय करायचं, हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी बसावं.

आधी माणसं सांगते. घरात मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. लिहिताना ते चालत नाही, म्हणून इथे प्रभाकर म्हणते आहे. प्रभाकर पासष्ट वर्षांचे, मी त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. राहणार नाशिक. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. प्रभाकरांची मोटारसायकल आमच्या निखिलपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि घरात तिचं जास्त ऐकलं जातं. ती बनवणाऱ्यांनी तिचं मॉडेल कधीच बंद केलं. प्रभाकरांनी केलं नाही. आजवर त्या गाडीला त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नव्हता.

गेल्या वर्षापासून प्रभाकरांच्या हाताला थरथर आहे. काही घट्ट धरलं की ती थांबते, बारीक कामाला घेतलं की सुरू होते. गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले, मात्र आता जरा आराम करा असंही म्हणाले. निखिल पुण्याहून रोज फोन करून हेच सांगतो. उज्जैनला गाडीनं जायचं ठरलं तेव्हा त्यानं अट घातली. वाटेत गाडी एकदा जरी बंद पडली, तर गाडी ट्रकनं परत येईल, आई-बाबा रेल्वेनं येतील आणि आल्यावर गाडी विकायची. प्रभाकर लगेच हो म्हणाले, कारण त्यांची गाडी कधी बंद पडत नाही. मीही हो म्हणाले, कारण पस्तीस वर्षं तिच्या मागच्या सीटवर बसून माझी कंबर गेली आहे. मी निखिलच्या पक्षात होते, हे कबूल करते.

राम घाट

जाताना सेंधव्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी उज्जैनला पोचलो, वाटेत काहीही झालं नाही. प्रभाकर दर पन्नास किलोमीटरला मागे वळून "काही झालं नाही," असं मला सांगत होते.

संध्याकाळी राम घाटावर गेलो. आम्ही रामकुंडाच्या गावचे, तेव्हा घाट, पायऱ्या, पंडे, पिंडदानाच्या पत्रावळी यांचं आम्हाला अप्रूप नाही. फरक इतकाच जाणवला की आमच्याकडे गुरुजी आधी गोत्र विचारतात, इथे आधी "कहाँ से पधारे?" विचारतात आणि गोत्र मग निघतं. एका पंडितजींनी आमची गाडी पाहिली. "बाबूजी, इतनी दूर से लाई है आपको. इसका भी पूजन करा लो."

हे वाक्य प्रभाकरांना थेट काळजात लागलं. गाडीला कुंकू लागलं, हँडलला झेंडूची माळ पडली. तिथपर्यंत ठीक होतं. मग प्रभाकर म्हणाले, हिला अंघोळ घालू.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. इंजिनाच्या डोक्यावर प्लग असतो. त्याला एका जाड वायरमधून करंट येतो आणि वायरच्या टोकाला रबराची टोपी असते, ती प्लगवर घट्ट बसते. टोपीत पाणी गेलं की ठिणगी प्लगमध्ये न पडता भलतीकडेच पळते. म्हणून नाशकात रविवारी गाडी धुताना प्रभाकर न चुकता टोपीवर प्लास्टिकची पिशवी बांधतात. रबर जुनं आहे, चिरा पडल्या आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पिशवी सीटखाली होती. मी ती काढून दिली.

"अगं, क्षिप्रेचं पाणी आहे," ते म्हणाले. "ते काय प्लास्टिकवर घालायचं? तिला लागायला नको?"

पंडितजींनाही ते पटलं. त्यांनीच बादली आणून दिली.

नंतर मी किका मोजल्या. एकेचाळीस. तोवर अकरा माणसं जमली आणि त्यांतल्या नऊ जणांनी कार्बोरेटर सांगितला. प्रभाकरांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. टोपीत पाणी गेलंय हे त्यांना कळलं होतं. त्यांनी टोपी धरली आणि ओढली. एरवी ते तिला दोन बोटांत धरून हलकेच फिरवत काढतात. त्या दिवशी बोटं ऐकत नव्हती, म्हणून त्यांनी मूठ आवळली. रबर चर्रकन फाटलं. टोपी उभी चिरली आणि तिच्या खालच्या काठाचा तुकडा प्लगवरच राहिला.

त्यांनी टोपी आणि तो तुकडा खिशात टाकला. मग आम्ही गाडी ढकलत लॉजवर आणली. माळ तशीच होती.

रात्री निखिलचा फोन आला. "आई, गाडी कशी आहे?" मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे येतं, पण आकड्यांत आणि गाडीत नाही. मी सांगून टाकलं. त्यानं दहा मिनिटांत सगळं ठरवून परत फोन केला. उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचला ट्रान्सपोर्टवाला येऊन गाडी उचलेल. "तोपर्यंत बाबांनी चालू केली तर तुमची तुम्ही या. मी काही म्हणणार नाही." पोरगा न्यायी आहे, बापावर गेला नाही.

भैरवगढ

सकाळी पोहे-जिलबी. इथले पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात, त्यावर शेव इतकी घालतात की पोहे शोधावे लागतात. नाशकात मिसळीवर शेव घालतात, इथे शेवेखाली जे सापडेल ते खायचं. प्रभाकरांनी जिलबीला हात लावला नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

स्पेअर पार्टची चार दुकानं झाली. तीन ठिकाणी टोपी मिळाली, पण बसेना. आमच्या इंजिनावर प्लगच्या भोवती जागा अरुंद आहे, नव्या टोपीचं जाड प्लास्टिक तिथे अडतं. चौथा म्हणाला, "इंदौर से मँगवा दूँगा. सोमवार." सोमवारचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

प्रभाकर लॉजच्या अंगणात गाडीसमोर उकिडवे बसले. अशा वेळी त्यांच्या जवळपास असणं हिताचं नसतं. मी रिक्षा करून भैरवगढला गेले. तिथे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करतात. मला चादर घ्यायची होती आणि हातात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

छापणारे सलीमभाई साधारण माझ्याच वयाचे. ठसा रंगात बुडवायचा, कापडावर टेकवायचा, वरून मुठीनं एक ठोका. पुढचा ठसा आधीच्या नक्षीला नेमका भिडतो. मोजपट्टी कुठे दिसली नाही. मी गणिताची, मी विचारलं की माप कसं घेता. "हाथ को मालूम है, बहनजी," ते म्हणाले. एरवी हे ऐकून मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मला अंगणात बसलेला माणूस आठवला. मी गर्द निळी, जाड, डबल बेडची चादर घेतली, गरजेपेक्षा मोठी.

घडी घालता घालता त्यांनी विचारलं, कशानं आलात. मी सगळं सांगितलं, क्षिप्रेच्या बादलीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, फ्रीगंजमध्ये मुकुंद भैया आहेत, पुरानी गाड़ी तेच बघतात. "आपके ही लोग हैं. मराठी."

फ्रीगंज

मुकुंदरावांचं गॅरेज म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे कडुनिंब. आम्ही गाडी ढकलत नेली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मुकुंदराव पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांचे पूर्वज मराठा सरदारांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले.

"मूळ गाव कोणतं?" प्रभाकरांनी विचारलं. आपल्याकडे हे विचारल्याशिवाय पाना हातात घेत नाहीत.

"ते आजोबांनाही माहीत नव्हतं," मुकुंदराव म्हणाले. "या ना काकू, बसून घ्या. चाय घेऊन घ्या."

त्यांनी टोपी उजेडात धरली, वाकवली, वास घेतला. "मला लागतं," ते म्हणाले आणि थांबले. मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं, कुठे कापलं की काय. मग लक्षात आलं की इथे 'मला वाटतं'ला 'मला लागतं' म्हणतात. "मला लागतं, रबर बिलकुल कडक होऊन गेलंय. पण सुधरून जाईल."

उपाय त्यांनी नीट सांगितला. वायरचं जळकं टोक नखभर कापायचं, आत तांब्याच्या तारा लखलखीत दिसल्या पाहिजेत. फाटलेली कड पॉलिशपेपरनं घासून रबर सोल्यूशननं जोडायची. पण नुसता जोड करंट अडवणार नाही, म्हणून टोपीवर दुसऱ्या रबराची कातडी चढवायची. सायकलची ट्यूब चालत नाही, काळ्या रबरात काजळी असते आणि करंट तिच्यातूनच वाट काढतो. रक्त काढताना दंडाला बांधतात ती पिवळी नळी हवी.

मी समोरच्या मेडिकलमध्ये गेले. "पेशेंट को क्या हुआ है?" दुकानदारानं विचारलं. मी म्हटलं, पानी चला गया. त्यानं काळजीनं दोन नळ्या दिल्या.

परत आले तर मुकुंदराव स्टुलावर हात बांधून बसले होते आणि हत्यारं प्रभाकरांपुढे मांडलेली होती. त्यांची ही रीत आहे. बाहेरगावच्या गाडीचं असं काम ते स्वतः करत नाहीत, समोर बसून करवून घेतात. "मी केलं तर उज्जैनमध्ये चालेल," ते म्हणाले. "सेंधव्याच्या घाटात निघून आलं तर मी तिथे थोडीच असणार?"

प्रभाकरांना हे मनापासून आवडलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. वायर कापणं जमलं, कारण पक्कड घट्ट धरायची असते. घासणं जमलं. सोल्यूशन लावताना थोडं टोपीला लागलं, बरंचसं पँटला. मग नळीची वेळ आली. नळीच्या तोंडात चार बोटं घालून ते ताणायचं, टोपीवर धरायचं आणि मोजा चढवतो तसं गुंडाळत खाली न्यायचं. प्रभाकरांनी ताणलं. बोटं थरथरली आणि नळी सुटून टेबलाखाली गेली. पुन्हा ताणलं, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा ताज्या जोडाची एक कडही उचकटली.

"आरामानं करा काका," मुकुंदराव म्हणाले. "आरामानं."

प्रभाकर उभे राहिले. "मला आराम सांगू नका," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी ओळखते. "डॉक्टर आराम सांगतो. मुलगा आराम सांगतो. आता तुम्ही. दोन तासांपूर्वी ओळख झाली आपली." टोपी टेबलावर ठेवून ते समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले, गॅरेजकडे पाठ करून.

मुकुंदरावांचं तोंड उघडंच राहिलं. "मी आराम करायला कुठे सांगून राहिलो काकू? आरामानं म्हटलं. म्हणजे हळूहळू. घाई नाही. होऊन जाईल. आराम से, असं नाही का म्हणत?"

"आमच्याकडे आराम म्हणजे अंथरूण," मी म्हटलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. थरथर, डॉक्टर, निखिलची अट, पाच वाजता येणारा ट्रक. त्यांनी घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते. "मग तुम्ही करून टाका ना," ते म्हणाले.

खरं लिहायचं तर त्या क्षणी मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं की पाचला ट्रक येणार, गाडी जाणार, विकली जाणार. माझी कंबर सुटणार. मला कुणी बोल लावला नसता. मी टपरीकडे पाहिलं. प्रभाकरांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, लहान मुलं धरतात तसा, आणि आजूबाजूला कुणी बघत नाही ना हे बघून एक घोट घेत होते. मला त्यांचा राग आला, माझा आला, गाडीचा आला. मी नळी उचलली.

रबर मला नवं नव्हतं. कुकरची रिंग कडक झाली की कोमट पाण्यात घालायची, मग पिठाच्या हातानं ताणत झाकणात बसवायची, हे मी लग्नापासून करत आले आहे. मी मुकुंदरावांकडे कोमट पाणी मागितलं आणि टाल्कम पावडर. ते उठून दोन्ही घेऊन आले. उचकटलेली कड मी पुन्हा चिकटवली, वाळू दिली. नळी पाण्यातून काढून पुसली, आतून पावडर लावली आणि चार बोटांनी ताणली. घाई केली नाही. नळी टोपीवर चढली आणि वेटोळ्या-वेटोळ्यानं खाली सरकत गेली.

"काकू," मुकुंदराव म्हणाले, "तुम्ही नोकरीला येता का?"

टपरीवर जाऊन त्यांनीच प्रभाकरांना आराम आणि आरामानं यांतला फरक समजावला. प्रभाकर परत आले, टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि वायरला जोडून प्लगवर दाबून बसवली.

आता तपासणी. करंट कुठून गळतोय हे अंधारात निळ्या ठिणगीवरून दिसतं, आणि त्या वेळी चार वाजताचं लख्ख ऊन होतं. मुकुंदराव अंधाऱ्या जागेचा विचार करत होते. मी चादर काढली. डबल बेडची होती, म्हणून पुरली. इंजिनाच्या एका बाजूनं मी आणि प्रभाकर, दोघांची डोकी चादरीखाली. पलीकडून मुकुंदरावांनी किक मारायला घेतली. तिसऱ्या किकेला इंजिन सुरू झालं, मग त्यांनी चादरीत हात घालून टोपीवर पाणी शिंपडलं. आत गरम तेलाचा वास आणि काळोख. नळीच्या खालच्या काठापासून एक निळा धागा टिकटिक करत इंजिनावर उडत होता.

"खाली कमी पडलीय," प्रभाकर माझ्या कानाशी म्हणाले. "अजून एक बोट खाली घे."

इंजिन बंद करून मी नळी बोटभर खाली ओढली. पुन्हा चादर, पुन्हा किक, पुन्हा पाणी. या वेळी काही दिसलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. अंधार आणि इंजिनाचा एकसारखा आवाज.

"बोटांना रबर कळत नाही गं आता," प्रभाकर म्हणाले. "घाटावर ओढलं ना, तेव्हा ते फाटतंय हेच कळलं नाही. हातात आल्यावर कळलं." वर्षभरात त्या हातांबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि तेही चादरीखाली. मी त्यांचा हात धरला. घट्ट धरल्यावर थरथर थांबली.

डोकी बाहेर काढली तेव्हा चादरीवर दोन झेंडूची फुलं होती आणि एक बाई हात जोडून उभी होती. या गावात कापडानं काही झाकून दोन वयस्क माणसं त्यापुढे वाकली, तर लोक चौकशी करत बसत नाहीत. "कौन से भगवान हैं?" तिनं विचारलं. मुकुंदराव म्हणाले, "अभी ठीक हुए हैं."

पाचच्या ठोक्याला ट्रान्सपोर्टवाला आला. निखिलला सकाळीच पत्ता कळवला होता, तो लॉजचा. लॉजवाल्यानं त्याला इकडे धाडला. गाडी चालूच होती. मला वाटलं, प्रभाकर त्याला आनंदानं परत पाठवतील. त्यांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"ले जाओ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "निखिल म्हणाला होता, बाबांनी चालू केली तर. बाबांनी केली नाही. आणि जी गाडी मला उघडता येत नाही, तिचा मालक मी कसला?"

मुकुंदराव चष्मा पुसायला लागले. ट्रान्सपोर्टवाल्याला यात काही रस नव्हता. त्यानं पावतीपुस्तक गुडघ्यावर उघडलं. "मालिक का नाम?"

प्रभाकरांनी माझं नाव सांगितलं. पूर्ण, स्पष्ट, आडनावासकट. त्यानं ते लिहून घेतलं आणि पेन माझ्यापुढे केलं. "मैडम, साइन."

"गाड़ी नहीं जाएगी," मी म्हटलं.

"आपके बेटे ने बुक कराया है."

"मालिक कौन है? देखिए, क्या लिखा है."

त्यानं पावती वाचली. मग पान फाडून खिशात घातलं आणि निघून गेला.

मी प्रभाकरांच्या हातातली किल्ली घेतली. ते रस्त्याकडे बघत उभे होते. वळून म्हणाले, "मग मी कोण?"

"ड्रायव्हर," मी म्हटलं आणि किल्ली त्यांना दिली. "हेल्मेट घाला."